सोल्यूशन वाळेपर्यंत थांबायचं

होस्टेलमध्ये एकमेकांना कामं शिकवायची ठरली की पहिल्याच बैठकीत लांबलचक यादी होते. शिवण, पोळ्या, सोल्डरिंग, नळाचा वॉशर, गिटार, एक्सेल. महिन्याभरात त्यातलं काहीही उरत नाही, कारण ज्याला येतं तो भराभर करून दाखवतो आणि बाकीचे माना डोलावतात. हाताला काहीच लागत नाही. त्यापेक्षा एकच काम घ्या, दीड तासात संपणारं. आमची शिफारस सायकलच्या पंक्चरची. ट्यूबमध्ये हवा राहते किंवा राहत नाही, त्यामुळे जमलं की नाही हे कुणी सांगावं लागत नाही. आणि विद्यापीठाच्या आवारात बसलेल्या चाकांना तोटा नसतो.

बारा जणांना तीन चाकं पुरतात. एका चाकाशी चार शिकणारे आणि एक शिकवणारा. पाचवा आला की तो मोबाईल काढतो, हे नक्की. शिकवणाऱ्याला एकच नियम: हात पाठीमागे. काही दाखवायचंच असेल तर वेगळ्या ट्यूबवर दाखवायचं, शिकणाऱ्याच्या हातातला लिव्हर (टायर उचकटायची पट्टी) ओढून घ्यायचा नाही. हा नियम पाळणं पंक्चर काढण्यापेक्षा अवघड जातं.

सामान फार लागत नाही. टायर लिव्हरच्या तीन जोड्या (प्लास्टिकचे घ्या, स्क्रू-ड्रायव्हरने टायर उचकटताना हमखास दुसरं भोक पडतं), पंप, पाण्याची बादली, पॅचची एक डबी, सोल्यूशनच्या (रबर चिकटवायच्या द्रावाच्या) दोन लहान ट्यूबा, ऐंशी किंवा शंभर नंबरचा पॉलिश पेपर, बॉलपेन, फडकं, थोडी टाल्कम पावडर. मागच्या चाकाच्या नटांना बहुतेक वेळा पंधरा मिलिमीटरचा पाना लागतो, पण जुन्या काळ्या सायकलींचा भरवसा नाही, म्हणून एक ॲडजस्टेबल पाना जवळ असू द्या. शिवाय सायकलच्या दुकानातून एक टाकाऊ ट्यूब मागून आणा. २६ इंची ट्यूबमधून पंधरा-पंधरा सेंटीमीटरचे बारा तुकडे निघतात, म्हणजे माणशी एक.

पहिली वीस मिनिटं चाकाला हात लावायचा नाही. प्रत्येकाने आपल्या तुकड्यावर पॅच लावायचा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, आणि तुकड्यावर झालेल्या चुकीने कुणाचं नुकसान होत नाही. पॅचहून बोटभर मोठी जागा पॉलिश पेपरने घासा. ट्यूबची चकाकी जाऊन ती मळकट काळी दिसली पाहिजे. ट्यूबवर साच्याची एक उंच रेघ असते, ती पूर्ण सपाट करा. ती राहिली तर पॅचखाली बारीक बोगदा राहतो आणि हवा तिथूनच निघते. मग फडक्याने धूळ पुसा आणि त्या जागेला पुन्हा बोट लावू नका, पॅच सुटायला बोटावरचं तेलही पुरतं.

सोल्यूशनचा एकच पातळ थर द्यायचा, तोही पॅचहून मोठा. आणि मग थांबायचं. उन्हाळ्यात तीन ते पाच मिनिटं, पावसाळ्यात त्याहून जास्त. थराच्या कडेला बोट लावलं आणि काही लागलं नाही की झालं. सोल्यूशन म्हणजे फेव्हिकॉल नव्हे. त्यातला द्राव उडून जायला हवा, मग उरलेला थर पॅचच्या खालच्या रबराशी एकजीव होतो. ओल्यावर पॅच टाकला तर द्राव खाली अडकतो, पॅच अंगठ्याखाली सरकतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टायर बसलेला असतो. हे तोंडी सांगून पटत नाही. म्हणून प्रत्येक गटात एकाने मुद्दाम ओल्या सोल्यूशनवर पॅच लावावा आणि शेजाऱ्याने वाळू द्यावं. पाच मिनिटांनी दोन्हींच्या कडा नखाने उचकटून पाहा. ओला निघून येतो.

पॅचचा चंदेरी कागद सोलून उघडी पडलेली बाजू खाली ठेवायची. वरचा पारदर्शक कागद लगेच ओढायचा नाही, त्याच्याबरोबर कडा उचलल्या जातात. मधून बाहेरच्या दिशेने अंगठ्याने दाबत जा, किंवा चमच्याच्या पाठीने रगडा. कागद नाही निघाला तर तसाच राहू द्या, आत कोण बघतंय. काही पंक्चरवाले जुन्या ट्यूबचा तुकडा कापून लावतात. तसं करायचं तर दोन्ही पृष्ठभाग घासावे लागतात, दोन्हीकडे सोल्यूशन लागतं आणि दोन्ही वाळावे लागतात.

आता चाक. हवा पूर्ण सोडा आणि टायरच्या दोन्ही कडा अंगठ्यांनी दाबत दाबत रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला. तिथे घेर कमी असल्याने टायर सैल पडतो. ही पायरी गाळली की लिव्हरवर सगळी ताकद लावावी लागते आणि मग लिव्हर तुटतो किंवा बोट चेंगरतं. पहिला लिव्हर घालून स्पोकला अडकवा, दुसरा दोन-तीन स्पोक सोडून. एका बाजूची कड पूर्ण निघाली की ट्यूब बाहेर काढा.

पाण्याकडे धावण्याआधी व्हॉल्व्ह पाहा. आपल्याकडच्या साध्या सायकलींच्या व्हॉल्व्हवर आत एक बारीक रबरी नळी असते, वालट्यूब. ती कुजली किंवा चिरली तर पंक्चर नसतानाही हवा जाते. व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचा थेंब ठेवला की फुगा येतो. (स्वच्छतेचे आग्रही साबणाचं पाणी वापरतात.) नवी वालट्यूब नाममात्र पैशांत मिळते. डब्यात हातभर तुकडा ठेवावा.

व्हॉल्व्ह ठीक असेल तर ट्यूब नेहमीच्या जाडीच्या दीडपट फुगवा आणि पाण्यात थोडी थोडी बुडवत फिरवा. बुडबुडे दिसले की जागा कोरडी करून बॉलपेनने अधिकची (+) मोठी खूण काढा, रेघा पॅचच्या बाहेरपर्यंत जातील एवढी. भोकाभोवती छोटा गोल काढणारे हटकून फसतात, कारण घासताना तो गोल पुसला जातो आणि मग भोक पुन्हा शोधावं लागतं. एक सापडलं म्हणून थांबू नका, पूर्ण ट्यूब फिरवा. शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या तर तो काट्याचा प्रताप नाही. हवा कमी असताना खड्ड्याच्या काठावर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटली आहे. अशा वेळी पॅचबरोबर हवा भरण्याची सवयही दुरुस्त करावी लागते. किती भरायची ते टायरच्या बाजूवर छापलेलं असतं.

ट्यूब परत घालण्याआधी टायर आतून तपासा. बोटाने नको, फडक्याने, कारण जिथे फडकं अडकेल तिथे बोट कापलं असतं. बाभळीचा काटा, सराटा, स्टेपलरची पिन, तारेचा तुकडा. ही पायरी विसरणाऱ्याला दहा मिनिटांत त्याच जागी दुसरं पंक्चर मिळतं. ट्यूबवर पॅचची जागा आणि टायरमधला काटा एकाच ठिकाणी येतात का, हेही जुळवून पाहायला शिकवा. मग काटा शोधायला निम्माच वेळ लागतो.

ट्यूबमध्ये किंचित हवा भरा, गोल आकार येण्यापुरती, म्हणजे तिला पीळ पडत नाही. पॅचवर पावडर चोळा, नाहीतर ट्यूब टायरला आतून चिकटते. टायर चढवताना व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करून शेवट व्हॉल्व्हपाशी करा. व्हॉल्व्ह असतो तिथे टायरची कड खोलगट भागात उतरू शकत नाही, म्हणून बाकीचा घेर आधी उतरलेला हवा. शेवटची वीतभर कड अंगठ्यांनीच ढकला. इथे लिव्हर लावला की नवा पॅच आणि नवं भोक एकाच दिवशी. शेवटी व्हॉल्व्ह आत ढकलून परत खेचा, खाली दबलेली ट्यूब सुटते.

ज्याने या रविवारी पहिल्यांदा पंक्चर काढलं, त्यानेच पुढच्या रविवारी एक चाक सांभाळायचं. त्याला अजून आठवत असतं की आपण कुठे अडलो होतो. पाच वर्षं सायकल चालवणाऱ्याला ते आठवत नाही, त्याला सगळं सोपंच वाटतं. कल्पना जुनी आहे. पंतोजींच्या शाळेत थोरली मुलं धाकट्यांना धूळपाटीवर अक्षरं गिरवायला लावत. १७८९ पासून मद्रासच्या अनाथाश्रमात काम करणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी वाळूत लिहिण्याची अशीच रीत पाहून तिथे मुलांकडूनच मुलांना शिकवून घेतलं आणि १७९७ मध्ये लंडनला त्यावर पुस्तक छापलं.

दुसरं काम घ्यायचं तर सोल्डरिंग, म्हणजे वितळलेल्या धातूने तारा जोडणं. तुटलेले वायरवाले इअरफोन गोळा करा. पंचवीस वॅटचं आयर्न, साठ-चाळीसचं (साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं) सोल्डर, ओला स्पंज, उघडी खिडकी. निम्म्या लोकांचा डाग बसत नाही तो एकाच कारणाने: इअरफोनच्या बारीक तारांवर इनॅमलचा रंगीत, वीजरोधक लेप असतो आणि काही तारांवर तो तांब्यासारखाच दिसतो. आधी आयर्नच्या टोकावर सोल्डरचा थेंब घेऊन त्यात तार बुडवून ठेवा, इनॅमल जळतं आणि तार चंदेरी होते. मगच जोडा. उष्णता तारेला द्यायची, सोल्डर तारेवर वितळलं पाहिजे. राखाडी, खडबडीत गोळा झाला तर डाग थंड बसला आहे, पुन्हा तापवा. हीटश्रिंक नळी (तापवल्यावर आकसून जोड झाकणारी) जोडण्याआधी तारेत ओवायची असते, आणि ती प्रत्येक जण एकदा तरी विसरतो. काम संपल्यावर हात धुवायला लावा, सोल्डरमध्ये शिसं असतं. मोबाईलचे चार्जर उघडायचे नाहीत. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

सगळं सामान एका डब्यात, झाकणाच्या आतून यादी चिकटवलेली. उघडलेली सोल्यूशनची ट्यूब काही आठवड्यांत वाळून जाते. म्हणून सोल्यूशनचा मोठा डबा कधीच आणू नका, आणि वर्ग सुरू होण्याआधी ट्यूब दाबून पाहा.