बूस्टर किती डीबीचा हे नंतर, आधी बँड बघा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या दारात फोनला रेंज असते, आत शिरलं की 'हॅलो हॅलो' सुरू. दोष बहुधा पत्र्याचा. धातू लहरी अडवतो. मग बूस्टरची, म्हणजे मोबाइलचा सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राची, चौकशी होते आणि पहिला प्रश्न हमखास 'किती डीबीचा?' (सिग्नल किती डेसिबलने वाढवतो?) असतो. पण बँड, म्हणजे फोन आणि टॉवर ज्या फ्रिक्वेन्सी-पट्ट्यात बोलतात तो, जुळला नाही तर ७० डीबीही फुकट.

बँड फोनच सांगतो. अँड्रॉइडवर नेटमॉन्स्टर ॲप, आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल. आकडे छपरावर, अँटेना लागणार तिथे उभं राहून बघा. आत फोन भलत्याच बँडवर गेलेला असू शकतो. ईएआरएफसीएन (४जी चॅनेलचा क्रमांक) १२०० ते १९४९ दिसला तर बँड ३ (१८०० मेगाहर्ट्झ), २४०० ते २६४९ बँड ५ (८५०), ३४५० ते ३७९९ बँड ८ (९००), ३८६५० ते ३९६४९ बँड ४० (२३००).

जिओचं ४जी बँड ३, ५ आणि ४० वर चालतं. पैकी ४० मध्ये सिग्नलचं जाणं-येणं एकाच फ्रिक्वेन्सीवर, वेळ वाटून होतं. साध्या बूस्टरला ते झेपत नाही. तिथे ३ किंवा ५ धरा.

ऑनलाइन मिळणारा अमेरिकन 'फाइव्ह बँड' बूस्टर तर घेऊच नका. त्याचा बँड ५ आपल्याकडे जुळतो, पण त्याचा बँड २ टॉवरकडून १९३० ते १९९० मेगाहर्ट्झवर ऐकतो. आपल्या बँड १ मध्ये फोन १९२० ते १९८० वर बोलतो! म्हणजे उलट्या दिशेचा आवाज वाढतो.

बसवताना छपरावरची आणि आतली अँटेना एकमेकींना 'ऐकू' लागल्या की यंत्र शिट्टी मारल्यासारखं स्वतःलाच वाढवत बसतं. दोघींमधलं आयसोलेशन (एकीचा सिग्नल दुसरीपर्यंत पोचताना होणारी घट) गेनपेक्षा (बूस्टर सिग्नल जितका वाढवतो त्यापेक्षा) १५ डीबी तरी जास्त हवं. इथे पत्रा उपयोगी पडतो, फक्त भोकं आणि खिडक्या सांभाळा. केबल ५० ओहमची, शक्य तेवढी आखूड. डिश टीव्हीची ७५ ओहमची उरलेली वायर जोडू नका.

पण हे सगळं स्वतः विकत घेऊन लावायचं नाही, मोबाइल कंपनीकडूनच करून घ्यायचं. भारतात परवानाधारक मोबाइल कंपनीखेरीज कुणी बूस्टर बाळगणं, विकणं किंवा वापरणं बेकायदेशीर आहे. चुकीचा बूस्टर टॉवरवरचा गोंगाट वाढवतो आणि आसपासच्यांचेही कॉल तुटतात. बँड, ईएआरएफसीएन, छपरावरचा आणि आतला आरएसआरपी (सिग्नल किती जोरात येतो त्याचा आकडा) लिहून कंपनीकडे तक्रार द्या, 'रेंज नाही' एवढंच लिहू नका. कारखान्यात ब्रॉडबँड असेल तर तोवर वायफाय कॉलिंग चालू करा. जिओ आणि एअरटेल दोन्हींवर ते मिळतं.