चौदा टाके

त्या दिवशी जेवायच्या सुट्टीपर्यंत मी नऊ टाके कापून काढले होते. दहाव्याला करवत लावली आणि मग लक्षात आलं, आपण काय करून बसलोय.

मी मुंबईत एका खाजगी स्टुडिओत चिनीमातीच्या जुन्या वस्तूंची दुरुस्ती करते. हा थाळा एका पारशी घरातून आला होता. ३८ सेंटिमीटरचा, निळ्या-पांढऱ्या नक्षीचा. मध्ये कुंपणाला लागून फुललेली पिओनी, कडेने कमळाच्या पाकळ्या. खापरपणजोबांनी चीनमधल्या कँटन बंदरातून आणला, असं घरचे सांगतात. ते खोटं वाटायचं कारण नाही. अठराव्या शतकापासून मुंबईचे पारशी व्यापारी चीनच्या फेऱ्या करत होते. थाळ्याला दोन तडे होते आणि पाठीमागून ते शिवून धरलेले पितळेचे चौदा टाके.

गोंदाचा भरवसा नव्हता त्या काळात चीनमध्ये फुटलेलं पोर्सिलेन असंच सांधत. तड्याच्या दोन्ही बाजूंना हिऱ्याच्या टोकाच्या सामत्याने, म्हणजे हातावर फिरवायच्या ड्रिलने, बारीक भोकं पाडायची, तीही आरपार नाही, जाडीच्या निम्म्यापर्यंतच. मग त्यांत धातूचा टाका बसवायचा. पोर्सिलेन पोलादाला दाद देत नाही. ‘हिऱ्याचा सामता नसेल तर पोर्सिलेनचं काम अंगावर घेऊ नकोस’ ही चिनी म्हण इथूनच आली. समोरून पाहिलं तर एकही भोक दिसत नाही. मी पंधरा वर्षं हे काम करतेय, पण तीन-चार मिलिमीटर जाडीच्या भांड्यात निम्म्यावर थांबायची छाती मला झाली नसती.

मालकांना दोन गोष्टी हव्या होत्या. थाळा चीनच्या जुन्या मिंग राजवटीतला आहे असं लेखी, आणि टाके गायब. “मॅडम, हे काढून टाका ना, कसं भंगार दिसतंय!”

मिंगचं कारण बुडावर होतं. दुहेरी निळ्या वर्तुळात सहा अक्षरं : महान मिंग, चंगह्वा काळात घडवलेलं. चंगह्वा सम्राटाचा काळ १४६५ ते १४८७. त्याच्या काळातला कोंबड्यांच्या चित्राचा एक पेला २०१४ साली हाँगकाँगच्या लिलावात २८ कोटी हाँगकाँग डॉलरला गेला, ते मालकांनी वाचलेलं होतं. पण थाळा मिंगनंतरच्या चिंग राजवटीतल्या कांगशी सम्राटाच्या काळातला होता, १६६२ ते १७२२ मधला. भिंगाखाली निळा रंग थरांवर थर दिलेला दिसतो, पाण्यात विरघळत गेल्यासारखा, गडद ते फिकट पाच-सहा छटा. शुद्ध केलेल्या चिनी कोबाल्टवर, म्हणजे निळा रंग देणाऱ्या खनिजावर, कांगशीच्या चित्रकारांचा जो हात बसला होता, तो हाच. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीच्या मिंग भांड्यांवर बाहेरून आणलेला कोबाल्ट जागोजागी साकळून काळे ठिपके पडतात. चंगह्वाचा निळा मऊ आणि फिकट असतो. हा दोन्ही नव्हता.

मग बुडावरची सही खोटी? हा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं आणि दर वेळी मी तितक्याच कळकळीने उत्तर देते. १६७७ साली जिंगदेझेनच्या, म्हणजे चीनमधल्या पोर्सिलेनच्या गावच्या, स्थानिक अधिकाऱ्याने चालू सम्राटाचं नाव भांड्यांवर घालायला बंदी केली. भांडं फुटलं तर नाव उकिरड्यात जाणार, म्हणून. तेव्हा कारागिरांनी कुठे रिकामी वर्तुळं काढली, कुठे एखादं पान, तर कुठे जुन्या, मान्यवर काळाचं नाव लिहिलं. ती फसवणूक नाही, पूर्वसुरींना केलेला नमस्कार आहे. आपल्याकडचे दुकानदार हे जाणूनबुजून सांगत नाहीत, कारण ‘मिंग’ म्हटलं की शून्यं वाढतात. मी लेखी ‘कांगशी’ दिलं. मालकांचा चेहरा पडला, आणि त्या पडलेल्या चेहऱ्यापायी टाक्यांच्या बाबतीत मी नमते झाले. हे मला अजून टोचतं.

खरं तर टाके काढायची तांत्रिक गरजच नव्हती. लोखंडी असते तर गंजून फुगले असते, त्याने झिलईचे टवके उडतात. हे पितळेचे आणि घट्ट होते. पण आमच्या सरांचं म्हणणं पडलं, वस्तू त्यांची, इच्छा त्यांची, शुक्रवारी द्यायचंय.

टाक्याखाली पातळ पत्रा सरकवायचा, सोनाराच्या करवतीने टाका मधोमध कापायचा, भोकातलं प्लास्टर पाण्याने मऊ करायचं आणि एकेक अर्ध वळवून काढायचं. लांब तड्यावरचे नऊ असे निघाले. दहावा आखूड तड्यावरचा. त्याला करवत लावताना जाणवलं, याचं भोक सरळ पाडलंय. आधीची अठराही भोकं तिरपी होती, एकमेकांकडे झुकलेली, म्हणजे टाका निसटू नये. तार पाहिली. आधीचे टाके चपटे, टोकाला निमुळते. हे पाच गोल तारेचे, हातोडीने ठोकलेले. दिवा आडवा धरला. आखूड तडा लांब तड्याला जाऊन टेकत होता आणि तिथेच संपत होता. नवा तडा जुन्या, मोकळ्या तड्यापाशी थांबतो, त्याला ओलांडत नाही. म्हणजे थाळा दोनदा फुटला होता, वेगवेगळ्या वेळी, आणि दोन वेगळ्या माणसांनी तो सांधला होता. माझ्या नोंदवहीत चौदाही टाक्यांपुढे एकच शब्द होता : पितळ. सही वाचायला मी दोन दिवस घेतले होते आणि दुरुस्ती वाचायला दहा मिनिटंही नाहीत.

आणि त्या दोघांत ज्याचा हात चांगला, त्याचंच काम मी कापलं होतं.

टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात चीनमधल्या लाँगच्वानच्या भट्टीतला एक फिकट हिरवा वाडगा आहे. पंधराव्या शतकात जपानचा शोगुन आशिकागा योशिमासाने तडा गेलेला हा वाडगा चीनला पाठवून तसाच दुसरा मागितला. तसा आता होत नाही म्हणून तोच टाके घालून परत आला, अशी नोंद आहे. ते टाके टोळासारखे दिसतात, वाडग्याचं नावच त्यावरून पडलं. हे मी विद्यार्थ्यांना स्लाइडवर दाखवते.

मालकांना फोन केला. म्हटलं, उरलेले पाच राहू द्या, त्यांच्यावरून कळतं की दोन हात आहेत. ते भले गृहस्थ आहेत, ऐकून घेतलं आणि म्हणाले, “नऊ गेले, आता पाच ठेवून काय करू? दिसायला आणखी विचित्र.” त्यालाही माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते पाच मी न कापता काढले. दीड दिवस लागला, शुक्रवार हुकला, सर चिडले. सांधे पॅरालॉइड बी-७२ या विरघळवता येणाऱ्या गोंदाने जोडले, पुढे कुणाला सोडवायचे झाले तर सुटतील. भोकं भरली, पण वर रंग मारला नाही, त्यावरूनही वाद झाला.

टाके डबीत घालून दिले तर मालक म्हणाले, तुम्हीच ठेवा. पाच अख्खे आणि अठरा अर्धे माझ्या खणात आहेत. चांगला कारागीर टाका भोकांच्या अंतरापेक्षा किंचित आखूड करतो, म्हणजे बसल्यावर तो दोन्ही बाजू ओढून धरतो. ती ओढ त्याने किती ठेवली होती, ते मला काढायचं होतं. फोटोत मोजपट्टी आहे, त्यावरून सातव्या टाक्याच्या भोकांमधलं अंतर १९.५ मिलिमीटर निघालं. दोन्ही अर्धं टोकाला टोक लावून मोजली तर १९. मधला किती भाग करवतीने खाल्ला, त्याची नोंद मी केलेली नाही.