मांडीची आग

"सिस्टर, भाजला हात, मग मांडीची एवढी आग का होतेय?" आज ड्रेसिंग करताना काकूंनी विचारलं.

भाजलेल्या हातावर लावायला मांडीची कातडी काढतात, त्या ऑपरेशनच्या वेळी आमचं सगळं लक्ष डर्माटोमवर असतं. कातडीची पातळ पट्टी काढणारं, मोटरवर चालणारं यंत्र. त्याचं पातं डावी-उजवीकडे इतक्या वेगाने हलतं की डोळ्याला दिसतच नाही, नुसती घरघर ऐकू येते. पट्टीची जाडी आधी लावून घ्यायची, साधारण 0.2 ते 0.4 मिलिमीटर. मांडीला लिक्विड पॅराफिन लावायचं, मी कातडी ताणून धरते, आणि सर यंत्र पुढे नेतात तशी त्वचेची पातळ, जवळजवळ आरपार दिसणारी पट्टी वर येते. नुसत्या सुरीने अशी एकसारखी जाडी साधायला हात फार तयार लागतो.

पण ती पट्टी निघाली की खालच्या नसांची टोकं उघडी पडतात. केसांच्या मुळांशी उरलेल्या पेशींतून दोनेक आठवड्यांत तिथे नवी त्वचा धरते. तोवर ती जागा कधीकधी मूळ जखमेपेक्षाही जास्त दुखते.

काकूंना हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. "मांडीची थोडी कातडी घेऊ" एवढ्यावरच का भागवतो आपण?