३५ मिमी खाली आलेली स्विफ्ट: टो, कॅम्बर आणि बुशांची नोंद

ओडोमीटर ६८,४१०. दुसऱ्या पिढीची स्विफ्ट, १५ इंची चाकं, चारही बाजूंना ३५ मिमी खाली आणणाऱ्या स्प्रिंगा बसल्या. "स्प्रिंगा बसू देत, ५०० किमी चालव, मग अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं)" हा सल्ला सगळीकडे मिळतो, मीही तेच केलं. आता माझं ठाम मत झालंय की हा सल्ला अर्धाच बरोबर आहे.

६८,९२०. पुढच्या टायरवरून तळहात फिरवला. आतून बाहेर गुळगुळीत, बाहेरून आत करवतीसारखं बोचतंय, दोन्ही बाजूंना. म्हणजे टो-आउट: वरून पाहिलं तर चाकांची पुढची तोंडं बाहेर वळलेली (आत वळली तर टो-इन). हायवेला गाडी सरळ बसत नव्हती, स्टिअरिंग सतत सावरावं लागत होतं, त्याचं कारण हेच. नवे टायर आणि पहिल्या ५०० किमीतच ही खूण, फार हळहळ वाटली.

गाडी खाली आली की लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा हात) आणि टाय रॉड (स्टिअरिंगकडून चाक वळवणारी दांडी) या दोघांची बाहेरची टोकं वर जातात. पण दोघांची लांबी आणि आतले टेकू वेगळे असल्यामुळे ती एकाच कमानीत फिरत नाहीत. या फरकामुळे चाक वळतं. लोकांना कॅम्बरची, म्हणजे समोरून दिसणाऱ्या चाकाच्या कलाची, भीती वाटते (वरचं टोक आत कललं की उणे), कारण तो डोळ्यांना दिसतो. टायर मात्र टो खातो, तोही गुपचूप.

मोजमाप घरीच केलं. पार्किंगची फरशी समतल आहे का ते गवंड्याच्या पाण्याच्या नळीने पाहिलं आणि एका चाकाखाली प्लायचा तुकडा सरकवला. स्टिअरिंग सरळ बांधलं. दोन्ही बाजूंना हबच्या (चाकाच्या मध्यभागाच्या) उंचीवर नायलॉनची दोरी ताणली. दोन्ही दोऱ्या एकमेकींना समांतर ठेवा आणि हबच्या मध्यापासून डावं-उजवं अंतर सारखं घ्या; पुढचं आणि मागचं अंतर मात्र एकमेकांशी जुळवू नका, कारण पुढची आणि मागची रुंदी सारखी नसते. मग रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंत मोजलं: दोन्ही चाकं मिळून साधारण ४.५ मिमी टो-आउट. माझ्या रिमवर १ मिमी म्हणजे सुमारे ०.१४ अंश, म्हणजे हे जवळपास ०.६५ अंश झालं.

कॅम्बरसाठी ओळंबा. फेंडरवरून सोडायचा आणि रिमच्या वरच्या व खालच्या कडेपर्यंतचं अंतर घ्यायचं. डावीकडे १० मिमी फरक, उजवीकडे ६.५. म्हणजे उणे १ अंश २५ मिनिटं आणि उणे ५५ मिनिटं (६० मिनिटं म्हणजे १ अंश). स्प्रिंगा बदलण्याआधीचा कागद जपून ठेवला होता: डावं उणे ४५, उजवं उणे १५. दोन्ही बाजू सारख्याच ४० मिनिटांनी सरकल्यात, डाव्या-उजव्यातली तफावत जुनीच आहे. हा कागद नसता तर मी स्प्रिंगांनाच दोष देत बसलो असतो. खाली आणण्याआधीचा रिपोर्ट काढून ठेवाच.

६८,९६०. ओळखीच्या गॅरेजात पिटवर. काका म्हणाले, "या गाडीला कंपनीकडून कॅम्बरचं ॲडजस्टमेंट येत नाही, टो तेवढा मारून देतो." खरं आहे ते. म्हणून मी डाव्या स्ट्रटच्या (स्प्रिंग-शॉकॲब्सॉर्बरच्या खांबाच्या) वरच्या भोकासाठी एक्सेंट्रिक बोल्ट नेला होता, जो फिरवला की चाकाचा कल बदलतो.

पण त्याआधी बुश. लोअर आर्मच्या बुशचं (सांध्यातल्या रबरी नळीचं) रबर जुन्या उंचीला घट्ट केलेलं असतं. गाडी खाली आली की ते कायम पिळलेलं राहतं, गाडीला वर ढकलतं आणि लवकर फाटतं. चाकांवर पूर्ण वजन असताना आर्मचे बोल्ट सैल केले, गाडी पुढून दोन-तीनदा दाबली, आणि त्याच स्थितीत टॉर्क रेंचने पुन्हा आवळले. पुढून गाडी आणखी ४ मिमी बसली! जॅकवर लटकत्या चाकांनी हे बोल्ट कधीच आवळू नका.

मग कॅम्बर, शेवटी टो. हा क्रम उलटा करून चालत नाही, कॅम्बर हलवला की टो हलतोच. स्विफ्टची स्टिअरिंग रॅक (टाय रॉड ढकलणारी पट्टी) पुढच्या ॲक्सलच्या मागे आहे, म्हणून टाय रॉड लांब केला की टो-इन होतं. अर्ध्या आट्याला रिमवर साधारण २ मिमी. दोन्ही बाजूंना सारखं फिरवलं, म्हणजे स्टिअरिंग मध्यावर राहतं. लॉकनट आवळताना रॉड स्पॅनरने धरून ठेवायचा, नाहीतर बूट (रॉडवरचं रबरी आवरण) पिळतो.

अलाइनमेंट मशीनवर शेवटचे आकडे: कॅम्बर दोन्हीकडे उणे ५५ मिनिटं, एकूण टो अधिक ५ मिनिटं (किंचित टो-इन). मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारी अखंड तुळई), तिथे शिमशिवाय (पातळ पट्ट्या घातल्याशिवाय) काही करता येत नाही. आकडे मर्यादेत होते, सोडून दिले.

पुन्हा करायची वेळ आली तर स्प्रिंगा बसवल्या त्याच दिवशी दोरीने टो शून्याच्या आसपास आणेन, आणि मशीन ५०० किमीनंतर.

६९,८५०. एक्स्प्रेसवेवर स्टिअरिंग शांत. बोचणाऱ्या कडा हळूहळू झिजून सपाट होतायत. पुढच्या रविवारी पुन्हा दोरी लावणार, आणि हेडलाइटची पातळी भिंतीवर तपासायची राहिलीय.