मागून आणलेली बाग

आधी कबुली देऊन टाकते. बाग करायचं डोक्यात आल्यावर मी सगळ्यात पहिलं काम काय केलं, तर रात्री साडेअकराला मोबाईलवर 1,860 रुपयांची खरेदी. चिमुकलं फावडं, हँडग्लोव्हज, दोन सिरॅमिकच्या कुंड्या (एक येतानाच तडकलेली), गांडूळखत आणि लेट्यूसचं बी. घर भाड्याचं, नवऱ्याची नोकरी गेलेली, पुण्यातला मे महिना, आणि मी लेट्यूस पेरतेय! लेट्यूसला थंड हवा लागते, मे महिन्यात ते रुसूनच बसणार, हे पाकीट फोडल्यावर वाचलं. महिनाभर रोज सकाळी नुसत्या ओल्या मातीला पाणी घालत होते.

आई कराडहून फोनवर म्हणाली, "अगं ते कसलं बी आणलंस, डब्यात मेथ्या नाहीत का?" होत्या की. रात्रभर भिजवल्या, मासेवाल्याकडून मागून आणलेल्या थर्माकोलच्या खोक्याला खाली सात-आठ भोकं पाडून त्यात दाट पेरल्या, वरून बोटाच्या पेराएवढी माती. तिसऱ्या दिवशी हिरवं टोक दिसलं आणि मी नवऱ्याला झोपेतून उठवलं. तीन आठवड्यांत बोटभर उंचीची कोवळी मेथी. मुंबईला समुद्रमेथीच्या इवल्या इवल्या जुड्या मिळतात ना, जवळपास तशीच, फक्त माझी वाळूतली नाही. धण्यांचं मात्र एक आहे, अख्खं धणं म्हणजे दोन बिया असतात, ते लाटण्याने हलकेच रगडून दोन भाग करायचे आणि मग पेरायचे, आणि आठ-दहा दिवस काही दिसलं नाही तर उकरून बघायचं नाही. मी बघितलं. दोनदा.

खरा खर्च बियांचा नाहीच, मातीचा आहे. मोठी कुंडी भरायची म्हटलं की लाल मातीची दोन पोती, त्यात खत, आणि हे सगळं ओलं झाल्यावर एवढं जड की आमच्या तीन बाय नऊच्या बाल्कनीत ठेवायचीच भीती वाटते. यावर उपाय सापडला चौकातल्या रसवंतीवर. रस पिता पिता बघितलं, बाजूला उसाच्या चिपाडांचा हा एवढा ढीग. विचारायला लाज वाटत होती खरं सांगते, पण विचारलं, "दादा, ही टाकूनच देता ना?" तर म्हणाला, "न्या की ताई, पोतं भरून न्या, मला रोज रात्री लांब नेऊन टाकायला लागतात."

नंतर वाचल्यावर कळलं की हे काही माझं डोकं नाही. मुंबईत डॉ. रमेश दोशींनी चिपाडं भरून गच्चीवर भाज्या घेतल्या होत्या, आणि मुंबई पोर्ट ट्रस्टच्या किचनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली.

बिल्डिंगचं रंगकाम झालं तेव्हा वॉचमनकाकांना सांगून 20 लिटरचे चार रिकामे डबे ठेवून घेतले. गरम सळईने तळाला भोकं पाडली, तळाशी नारळाच्या शेंड्या, मग चिपाडं तुकडे करून, त्यावर सोसायटीच्या झाडांचा वाळका पालापाचोळा, मग भाजीची देठं-सालं, मूठभर जुनी माती, थोडं आंबट ताक, परत चिपाडं, असे थर दाबत दाबत वरपर्यंत. अडीच महिन्यांनी डबा निम्म्यावर बसला, खाली हात घातला तर काळंभोर, भुसभुशीत, पहिल्या पावसासारखा वास.

हा दुसऱ्या डब्याचा वास. पहिल्याची गोष्ट वेगळी. त्यात मी चिपाडं ताजीच कोंबली, न धुता न वाळवता, वरून दूधसाखरेच्या चहाचा चोथा तसाच टाकला. चौथ्या दिवशी मुंग्यांची रांग बाल्कनीतून थेट किचनमध्ये आणि वास असा की खालच्या काकूंनी बेल वाजवून विचारलं, "घरी काही करता का हो तुम्ही?" म्हणजे दारू! तेव्हापासून चिपाडं दोन पाण्यांनी धुऊन चार दिवस वाळवते आणि चहाचा चोथाही धुऊनच टाकते.

खताला अमृतजल करते, म्हणजे 'प्रयोग परिवार'वाल्या श्री. अ. दाभोळकरांच्या पद्धतीतलं शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पाणी. 10 लिटर पाणी, 1 किलो ताजं शेण, 1 लिटर गोमूत्र, 50 ग्रॅम काळा गूळ, तीन दिवस रोज ढवळायचं आणि चौथ्या दिवशी दहापट पाणी घालून झाडांना. शेण-गोमूत्र गोठ्यातून आणते, तिथेही पैसे घेत नाहीत. माझ्या चार डब्यांना एवढं कशाला, मी सगळं पाव मापानेच करते. त्या दिवसांत बाल्कनीत बसून चहा पिता येत नाही एवढंच.

बाकीची बाग मागून आणलेल्या काड्यांवर चालते. पानओवा, पुदिना, मायाळू काडीवर येतात, गवती चहाचा फुटवा मैत्रिणीकडचा, कढीपत्ता खालच्या काकूंच्याच झाडाखाली आलेलं पिल्लू (हो, त्याच काकू).

आता पैसे किती वाचतात? भाजीचं बिल अर्धं झालं वगैरे कोणी सांगत असेल तर त्यांची गच्ची मोठी असणार. आमच्याकडे ऊन साडेअकराला जातं, फळभाज्यांना पाच-सहा तास तरी लागतं, त्यामुळे टोमॅटो सहा महिन्यांत मोजून नऊ आले. पण कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता, गवती चहा विकत आणणं जवळजवळ बंद झालंय, आणि भर पावसात कोथिंबिरीची जुडी पन्नासला जाते तेव्हा चार काड्या खुडताना काय श्रीमंत वाटतं म्हणून सांगू.

त्या 1,860 मधलं वापरात काय आहे? फावडं. त्याने मी पोह्यांच्या डब्यातून पोहे काढते, मातीत कधी गेलंच नाही.

बरं, मिरचीच्या बेचक्यात परत पांढरा कापूस दिसतोय, पिठ्या ढेकूणच असणार. जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन बसते आता.