त्याच चौघी, तीच रेषा

स्मरणिकेसाठी महिला फुटबॉल संघाबद्दल लिहायचा निरोप आला, तेव्हा पहिला प्रश्न पडला तो कोणत्या हंगामाबद्दल लिहायचं हा. कारण आम्ही गुणतक्त्यात तळाला होतो तेही वर्ष मी खेळले आहे. तेव्हा आमच्याशी सामना पडला की समोरचा संघ आधीच खूश असायचा.

पुढच्याच हंगामात आम्ही तिसऱ्या आलो. त्याचं श्रेय लोक अजून आमच्या सेंटर फॉरवर्डला देतात. तिने गोल केले हे खरंच. पण ते ती आदल्या वर्षीही करत होती. ती एक करायची, आम्ही मागे दोन खायचो.

माझं विचाराल तर हंगाम फिरला तो गुडघ्यांमुळे. आदल्या वर्षी निम्मा संघ गुडघ्याला पट्टा बांधून बाकावर. धावताना झटकन वळलं किंवा उडीनंतर पाय वेडावाकडा पडला की गुडघ्यातला एसीएल, म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारा अस्थिबंध, तुटू शकतो. त्यासाठी कुणी धक्का द्यावा लागत नाही. मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा कितीतरी जास्त आढळते. शस्त्रक्रिया झाली की परतायला नऊएक महिने लागतात, म्हणजे हंगाम गेलाच.

नव्या प्रशिक्षक मॅडमनी पहिल्या दिवशी चेंडू पिशवीतून काढलाच नाही. त्यांनी ‘फिफा ११+’ हा वॉर्मअप सुरू केला. २० मिनिटं, १५ व्यायाम: आधी सावकाश धावणं, मग ताकद, तोल आणि उड्या, शेवटी वेगात धावणं-वळणं. त्यातला एक तर छळच. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदारणीने मागून घोटे दाबून धरायचे आणि आपण पाठ ताठ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. दुसऱ्या दिवशी जिना उतरवेना. उडीवरून उतरताना गुडघा आत वळला की मॅडमची शिट्टी वाजायचीच. आम्ही कुरकुरलो तेव्हा त्यांनी नॉर्वेतल्या मुलींवर झालेला, २००८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पुढे ठेवला. हा वॉर्मअप करणाऱ्या गटात गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या होत्या. कुरकुर थांबली नाही, पण दबक्या आवाजात होऊ लागली.

परिणाम गुणतक्त्याआधी संघाच्या यादीत दिसला. दर सामन्याला तीच नावं! बचावफळीत आम्ही त्याच चौघी. ऑफसाइडचा सापळा लावायचा, म्हणजे पास सुटताना समोरच्या खेळाडूला आपल्या रेषेमागे ठेवून नियमाबाहेर पाडायचं, तर चौघींनी एकाच क्षणी पुढे सरकावं लागतं. एक जरी मागे रेंगाळली तरी तिच्यामुळे समोरची आघाडीची खेळाडू नियमात बसते आणि थेट आपल्या गोलरक्षकासमोर पोहोचते. आदल्या वर्षी दर आठवड्याला शेजारीण बदलायची. कोण कधी पाऊल टाकेल, काही अंदाज नसायचा. आता शेजारणीचा श्वास ऐकून कळायचं. ओरडावंही लागत नसे. (आमची स्टॉपर, म्हणजे बचावफळीतली मधली खेळाडू, तरीही ओरडायची, तो स्वभाव.)

गोलकिकचा, म्हणजे आपल्या गोलासमोरून खेळ पुन्हा सुरू करणाऱ्या किकचा, २०१९ मधला नियमबदलही कामी आला. चेंडू गोलासमोरच्या पेनल्टी क्षेत्राबाहेर जाईपर्यंत आम्ही त्याला पाय न लावता थांबायची अट गेली होती. मग लांब किक मारून चेंडू समोरच्यांना बहाल करण्याऐवजी गोलरक्षक तो जवळच आमच्या पायात द्यायची. सुरुवातीला प्रेक्षकांच्या पोटात गोळा यायचा.

पहिला निकाल ०-० लागला. एक गुण! आम्ही चषक जिंकल्यासारख्या नाचलो, आणि समोरच्या मुली बघतच राहिल्या.

दुसरा क्रमांक मात्र गोलफरकाने (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) हुकला, तोही एका गोलाने. शेवटच्या सामन्यात आम्ही ३-० ने पुढे असताना मॅडमनी राखीव मुलींना उतरवलं आणि सामना ३-२ ने संपला. गुणतक्ता त्यांना तोंडपाठ होता, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. कर्णधाराने जाब विचारला तेव्हा म्हणाल्या, “वॉर्मअप त्यांनीही रोज केलाय ना?”

कर्णधाराला ते अजून पटलेलं नाही. भेटलो की वाद होतोच.