वारं गेलं की मेंदू सुजला?

आमच्या खानापूर-निपाणीकडं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला की ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. माणूस भलतंसलतं बडबडायला लागला की ‘बाहेरचं’. या दोन्हींत बेमालूम मिसळणारा आजार म्हणजे ऑटोइम्यून एन्सेफलायटिस: शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मेंदूवर उलटते. त्यातला एनएमडीए प्रकार (मेंदूपेशींवरच्या त्याच नावाच्या प्रथिनावर हल्ला होतो तो) २००७ मध्ये ओळखला गेला.

फरक घड्याळात आहे. स्ट्रोक, म्हणजे मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीनं बंद पडणं किंवा फुटणं, मिनिटांत येतो. एन्सेफलायटिस, म्हणजे मेंदूची सूज, दिवस-आठवडे घेते: झोप उडते, विसर पडतो, संशय येतो, मग फिट. फिटनंतर एक बाजू काही तास लुळी राहू शकते, आणि तिथंच घोटाळा होतो. तो घरी सोडवत बसू नका. अचानक आलेला लुळेपणा स्ट्रोकच धरा, १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असेल तिथंच न्या. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. हे तास माणूस शेवटचा धड दिसला तेव्हापासून मोजतात. झोपेत झालं असेल तर झोपायला गेला तेव्हापासून. ती वेळ हातावर लिहिली तरी चालेल.

याच सुजेचा एलजीआय१ प्रकार (हेही मेंदूतल्या प्रथिनाचंच नाव) बहुधा पन्नाशी-साठीनंतर दिसतो. चहा पिताना एका बाजूचा हात आणि गाल क्षणभर आखडतात, बशी हिंदकळते, माणूस पुन्हा नीट. असं दिवसातून कितीदाही होतं. रक्तात सोडियमही कमी निघतं. मोबाईलवर व्हिडिओ काढा. डॉक्टरला तोंडी वर्णनापेक्षा तो जास्त सांगतो.

एमआरआय नॉर्मल आला म्हणून सुटलो असं नाही. पाठीतलं पाणी (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं) तपासायला काढायचं म्हटलं की लोक उगाच घाबरतात; एनएमडीए प्रकारात नुसत्या रक्तापेक्षा तेच खात्रीचं. रक्त आणि पाणी दोन्ही नमुने आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडी, म्हणजे प्रतिकार करणारी प्रथिनं, शिरेतून देणं) सुरू होण्याआधी घेतलेले बरे, नाहीतर दात्यांच्या अँटिबॉडी रिपोर्टात डोकावतात. तरुण बाईच्या अंडाशयाची सोनोग्राफी विसरू नये, तिथली गाठ मूळ असू शकते.

आता स्ट्रोकशी नातं. ही सूज सहसा रक्तवाहिनी बंद करत नाही. पण ल्युपस (प्रतिकारशक्ती शरीरभर उलटते तो आजार), अँटिफॉस्फोलिपिड (रक्तात गुठळ्या करणारा तसाच आजार) किंवा मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा दाह असेल तर दोन्ही घडू शकतं, म्हणून त्या तपासण्या मागून घ्याव्यात. उपचारातही एक खाच आहे. मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज १ ग्रॅम, ३ ते ५ दिवस. त्यानं साखर चढते. आयव्हीआयजी किलोमागं एकूण २ ग्रॅम, बहुधा ५ दिवसांत. त्यानं रक्त दाटतं. त्यात पेशंट अंथरुणाला खिळलेला, म्हणजे पायात गुठळी व्हायची भीती. एक पोटरी सुजली, दुखली तर पुढच्या राउंडची वाट न बघता नर्सला दाखवा.